कचेरीतून घडलेला अराज्यवादी

अराज्यवाद म्हटले की बाँब आणि बेबंदशाही डोळ्यांसमोर येते. भगतसिंग यांनी १९२८ मध्ये ‘किर्ती’ मासिकात या विचारावर लेखमाला लिहिली, तेव्हाही हा गैरसमज दूर करावा लागला होता. पीटर क्रोपोटकिन यांचे चरित्र वाचताना मला मात्र सरकारी कचेरीच आठवते.

१८४२ मध्ये मॉस्कोतील सरदार घराण्यात जन्मलेले क्रोपोटकिन झारच्या खास विद्यालयात शिकले. १८६२ मध्ये राजधानीतील मानाची पलटण सहज मिळत असताना त्यांनी सैबेरियातील नेमणूक मागून घेतली. चिता येथे तुरुंग-सुधारणा आणि नगरांचे स्वशासन यांवरील समित्यांचे काम या विशीतल्या अधिकाऱ्याकडे आले. त्यांनी तळमळीने अहवाल तयार केले. ते सेंट पीटर्सबर्गला गेले आणि तिथेच पडून राहिले. दुसरीकडे दूरच्या वस्त्यांतील शेतकरी, कोणाच्या हुकुमाची वाट न पाहता, एकमेकांच्या आधाराने संसार उभे करताना त्यांनी पाहिले. राज्यसंस्थेवरचा त्यांचा विश्वास उडाला तो इथे. ग्रंथ नंतर आले. पोलिश कैद्यांचे १८६६ मधील बंड चिरडले गेल्यावर त्यांनी लष्कर सोडले.

पुढे स्वित्झर्लंडमधील घड्याळ-कारागिरांचा सहवास, १८७४ मध्ये अटक, दोन वर्षांनी सैनिकी रुग्णालयातून पलायन, फ्रान्समध्ये पुन्हा कैद आणि इंग्लंडमध्ये तीस वर्षे. परस्पर साहाय्यावरील त्यांचा ग्रंथ १९०२ चा. त्याची बीजे सैबेरियातील पशुपक्ष्यांच्या निरीक्षणात आहेत. पहिल्या महायुद्धात त्यांनी दोस्त राष्ट्रांची बाजू घेतली, हे मला त्यांच्या विचारांशी विसंगत वाटते. अनेक जुने सहकारी तेव्हाच दुरावले.

१९१७ मध्ये मायदेशी परतल्यावर केरेन्स्की यांनी देऊ केलेले मंत्रिपद त्यांनी नाकारले. १९१९ मध्ये लेनिन यांना भेटून त्यांनी सहकारी संस्थांची बाजू मांडली. नंतर द्मित्रोव गावातून पत्रे लिहिली: नोकरशाही स्थानिक पुढाकार मारून टाकते आहे, पगारी कर्मचारी उपाशी आहेत, ओलीस धरण्याची प्रथा क्रांतीला लाजिरवाणी आहे. झारच्या काळातील अहवालांचे जे झाले, तेच या पत्रांचेही झाले. माझ्या मते सरकारी सेवेत येणाऱ्या प्रत्येकाने ही दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवून वाचावीत. राजवट बदलली तरी टपाल त्याच कप्प्यात गेले.

८ फेब्रुवारी १९२१ रोजी ते वारले. मॉस्कोतील अंत्ययात्रेसाठी काही अराज्यवादी कैद्यांना एका दिवसापुरते, वचनावर सोडण्यात आले होते. त्याच रात्री ते तुरुंगात परतले.