भिंतीपलीकडचा माणूस

गेल्या सेमिस्टरला आमच्या विंगच्या शेवटच्या रूम्समध्ये वाय-फाय पोचतच नव्हतं. सबमिशन तोंडावर आलेलं आणि आम्ही चौघीजणी लॅपटॉप घेऊन कॉरिडॉरमध्ये! शेवटी वॉर्डन मॅडमची परवानगी काढली, वर्गणी जमवली आणि एक स्वस्तातला घरगुती राउटर आणला. त्याला मेन राउटरपेक्षा वेगळा आयपी दिला. त्याचं डीएचसीपी बंद केलं, कारण एकाच वर्गात रोल नंबर देणारे दोन सर असले की गोंधळच! मग मेन राउटरची वायर वॅन पोर्टमध्ये न घालता लॅन पोर्टमध्ये घातली. झाला ॲक्सेस पॉइंट तयार!

त्या रात्री सहज मनात आलं, बिनतारी लहरी भिंतीपलीकडे पाठवून आपल्या देशात पहिल्यांदा कोणी दाखवल्या असतील? उत्तर मिळालं, जगदीशचंद्र बोस. मला ते फक्त झाडांना जीव असतो म्हणणारे शास्त्रज्ञ म्हणून माहीत होते!

बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ चा, बंगालमधला. वडील सरकारी अधिकारी, पण मुलाला त्यांनी आधी बंगाली शाळेतच घातलं. आधी मातृभाषा, मग इंग्रजी, असा त्यांचा हट्ट होता. (मी पडले कॉन्व्हेंटची, त्यामुळे हे वाचून जरा ओशाळलेच!) पुढे कलकत्त्याचं सेंट झेवियर्स आणि मग केंब्रिज. तिथे लॉर्ड रॅले त्यांचे शिक्षक होते.

१८८५ मध्ये ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागले. तेव्हा हिंदी प्राध्यापकाला इंग्रजाच्या दोन तृतीयांश पगार मिळायचा. बोस यांची नेमणूक हंगामी, म्हणून त्याच्याही निम्मा! त्यांनी काय करावं? शिकवणं एक दिवसही सोडलं नाही, पण पगाराला हात लावला नाही. असं तब्बल तीन वर्षं! घरात वडिलांचं कर्ज, त्यातच १८८७ मध्ये लग्न झालेलं. शेवटी सरकार नमलं आणि मागचा सगळा पगार पूर्ण दराने मिळाला.

१८९४ च्या सुमारास त्यांनी विद्युतचुंबकीय लहरींवर काम सुरू केलं. धड लॅब नव्हती, उपकरणं नव्हती. पदरचे पैसे घालून, पत्र्याचं काम करणाऱ्या एका साध्या कारागिराला हाताशी धरून त्यांनी सगळं बनवलं. पोलरायझर कशाचा, तर रेल्वे टाइमटेबलच्या पुस्तकाचा, पानापानांत कथिलाचा पातळ पत्रा घालून! दुसरा एक पीळ दिलेल्या तागाचा. आपल्या २.४ गिगाहर्ट्झ वाय-फायची तरंगलांबी साधारण १२.५ सेंटिमीटर असते. बोस त्या काळात ५ मिलिमीटरपर्यंत, म्हणजे ६० गिगाहर्ट्झपर्यंत गेले होते. १८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी भिंतींपलीकडून लहरी पाठवून घंटा वाजवली, बंदुकीची दारू उडवली. जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचं व्याख्यान झालं.

पण या शोधांतून पैसा करणं त्यांना नको होतं. मित्रांनी फारच आग्रह केला म्हणून लहरी ओळखणाऱ्या गॅलेनाच्या डिटेक्टरचं अमेरिकन पेटंट १९०४ मध्ये मिळालं, त्याचाही त्यांनी फायदा उठवला नाही. नंतर ते वनस्पतींच्या अभ्यासाकडे वळले. १९१७ मध्ये बोस इन्स्टिट्यूट उभी केली. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह इथे त्यांचं निधन झालं.

हे सगळं रूमवर सांगितलं आणि रात्री दीडपर्यंत वाद रंगला. माझी रूममेट म्हणाली की पेटंट सोडणं हा वेडेपणा. आधी मलाही तसंच वाटलं. पण जो माणूस हक्काच्या पगारासाठी तीन वर्षं अडून बसला, तो भोळा कसा असेल? हक्क कुठे संपतो आणि नफा कुठे सुरू होतो, हे त्याला चांगलं कळत होतं. कॅम्पस इंटरव्ह्यूच्या वर्षात आपल्याला ते कळेल का, हा प्रश्न मात्र मला अजून सुटलेला नाही.

असो! आता प्रॅक्टिकलला चांगलं इक्विपमेंट नाही अशी तक्रार करताना मला ते टाइमटेबल आठवतं आणि मी गप्प बसते.