कर्नल आणि त्यांचा शागीर्द

विद्यार्थिमित्रांनो, अकोल्यातले किंवा अमरावतीतले कोणतेही मैदान संध्याकाळच्या वेळी पाहा. खेळ संपलेला असतो, अंधार पडू लागलेला असतो, पण मुले घरी जायला तयार नसतात. त्यांचा वाद चाललेला असतो. आपल्या आवडत्या संघात सर्वांत मोठा खेळाडू कोणता? एकजण एक नाव घेतो, दुसरा दुसरे. आवाज चढतात. कधी कधी तर दोस्त दोस्ताशी दोन दिवस बोलत नाही! तुम्हीही अशा वादात पडला असालच.

असाच एक वाद तुमच्या आजोबा-पणजोबांच्या काळातही चालत असे. तेव्हा इंदूरच्या होळकर संघाचे नाव सगळीकडे गाजत होते. त्या संघात दोन मोठे खेळाडू होते. एक कर्णधार कर्नल सी. के. नायडू आणि दुसरे सय्यद मुश्ताक अली. होळकर संघासाठी या दोघांपैकी मोठे कोण? आज आपण या प्रश्नाचा विचार करू. पण त्यासाठी आधी कर्नल नायडूंचे जीवन जाणून घेतले पाहिजे.

कोट्टारी कनकय्या नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपूरला झाला. घरची भाषा तेलुगू, गाव मात्र मराठी मुलखातले. पुढे १९०३ साली आपला वऱ्हाड आणि नागपूरकडचा मध्यप्रांत यांचा कारभार एक झाला. म्हणून नायडू हे एका परीने आपल्याच भागाचे. त्यांचे शिक्षण नागपूरच्या हिस्लॉप संस्थेत झाले. उंच, सडपातळ बांधा, ताठ चाल आणि धारदार नजर असा हा मुलगा शाळेतच उत्तम क्रिकेट खेळू लागला.

१९१६ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांना मुंबईच्या मोठ्या स्पर्धेत खेळण्याची संधी मिळाली. नवा खेळाडू सुरुवातीला जपून खेळतो. नायडूंनीही पहिले काही चेंडू शांतपणे अडवले. मग मात्र त्यांनी थेट षटकार मारला. मोठ्या क्रिकेटमधल्या त्यांच्या पहिल्या धावा या अशा आल्या!

१९२३ साली इंदूरच्या होळकर महाराजांनी त्यांना आपल्या संस्थानात बोलावून घेतले आणि फौजेत हुद्दा दिला. पुढे ते कर्नल झाले. तेव्हापासून इंदूर हेच त्यांचे गाव झाले. नकाशावर पाहा. पूर्वेला नागपूर, वायव्येला इंदूर आणि मध्ये आपला वऱ्हाड. अकोल्याहून खांडव्यामार्गे इंदूरकडे जाणारी छोटी रेल्वे तुमच्या घरच्या वडीलधाऱ्यांना नक्की आठवत असेल.

आता १ डिसेंबर १९२६ चा दिवस पाहू. इंग्लंडचा एमसीसी हा संघ भारतात आला होता. मुंबईच्या जिमखाना मैदानावर त्याचा सामना हिंदू संघाशी होता. त्या काळी इंग्रजांना हरवणे तर दूरच, त्यांच्याशी बरोबरी करता येईल असेही फार थोड्यांना वाटत असे. नायडू फलंदाजीला आले आणि चेंडू मैदानाबाहेर जाऊ लागले. दोन तासांच्या आत त्यांनी १५३ धावा काढल्या. त्यांत ११ षटकार होते. बातमी पसरली तशी मैदानाबाहेर माणसांची गर्दी उसळली. पाहुण्या संघाने खूश होऊन त्यांना चांदीची बॅट भेट दिली. भारतीय खेळाडू इंग्रजांसमोर मान वर करून उभे राहू शकतात, हे त्या दिवशी हजारो लोकांनी डोळ्यांनी पाहिले.

१९३२ साली भारताचा संघ पहिला कसोटी सामना खेळण्यासाठी इंग्लंडला गेला. त्या काळी कर्णधारपद राजेरजवाड्यांना देण्याची पद्धत होती. या संघाचे कर्णधार पोरबंदरचे महाराज होते. पण त्यांनी मोठेपणाने बाजूला होण्याचे ठरवले. उपकर्णधारही जखमी झाले. मग लॉर्ड्सच्या मैदानावर २५ जून १९३२ रोजी भारताचे नेतृत्व नायडूंनी केले. भारताचे ते पहिले कसोटी कर्णधार. क्षेत्ररक्षण करताना त्यांच्या हाताला जखम झाली होती, तरी पहिल्या डावात संघातर्फे सर्वांत जास्त म्हणजे ४० धावा त्यांनीच केल्या. भारत तो सामना हरला. पण त्या दौऱ्यात नायडूंनी १६१८ धावा केल्या आणि ६५ बळीही घेतले.

आता दुसऱ्या खेळाडूची ओळख करून घेऊ. सय्यद मुश्ताक अली यांचा जन्म १७ डिसेंबर १९१४ रोजी इंदूरला झाला. नायडूंपेक्षा ते एकोणीस वर्षांनी लहान. इंदूरच्या मैदानावर खेळणारा हा मुलगा नायडूंच्या नजरेत भरला. त्यांनी त्याला हाताशी धरले आणि शिकवले. मुश्ताक अली जन्मभर नायडूंना आपला उस्ताद मानत आले.

जानेवारी १९३४ मध्ये कोलकात्याला मुश्ताक अली पहिला कसोटी सामना खेळले, तेव्हा कर्णधार नायडूच होते. गंमत अशी, की मुश्ताक अलींना डावखुरे गोलंदाज म्हणून संघात घेतले होते. त्यांची फलंदाजी जगाने पाहिली ती १९३६ साली इंग्लंडमधील मँचेस्टरला. भारत ३६८ धावांनी मागे होता. मुश्ताक अली आणि विजय मर्चंट सलामीला आले आणि दोघांनी मिळून २०३ धावांची भागीदारी केली. मुश्ताक अलींनी ११२ धावा केल्या. परदेशातील कसोटी सामन्यात भारतीय खेळाडूने काढलेले हे पहिले शतक होय. तेव्हा त्यांचे वय होते अवघे एकवीस वर्षे.

त्याच दौऱ्यात नायडूंना मात्र कर्णधारपद मिळाले नव्हते. ज्याने पहिल्यांदा देशाचे नेतृत्व केले, त्याला दुसऱ्याच्या हाताखाली खेळावे लागले. दुसरा कोणी असता तर रुसून बसला असता. नायडू खेळत राहिले. ओव्हल मैदानावरच्या शेवटच्या कसोटीत एक वेगवान चेंडू त्यांच्या अंगावर आदळला. वेदना सहन करून ते उभे राहिले आणि त्यांनी ८१ धावा केल्या. कसोटीतली ही त्यांची सर्वांत मोठी खेळी आणि हाच त्यांचा शेवटचा कसोटी सामना. त्या वेळी ते चाळीस वर्षांचे होते.

मित्रांनो, इथे एक गोष्ट लक्षात घ्या. त्या काळी मुंबईच्या प्रसिद्ध स्पर्धेत संघ धर्मावरून पाडलेले असत. हिंदूंचा संघ वेगळा, मुसलमानांचा वेगळा, पारशांचा वेगळा, युरोपियनांचा वेगळा. त्यामुळे नायडू एका संघात, तर मुश्ताक अली दुसऱ्या. उस्ताद आणि शागीर्द असे समोरासमोर उभे राहत. अनेक विचारी लोकांना ही पद्धत पसंत नव्हती. अखेर १९४६ साली ती स्पर्धा कायमची बंद झाली. होळकर संघात असे नव्हते. तिथे नायडू आणि मुश्ताक अली यांच्याबरोबर सरवटे, निंबाळकर, जगदाळे, गायकवाड, भाया असे नाना घरांतले खेळाडू एकाच कर्णधाराचा हुकूम मानत. म्हणून होळकर संघातला मोठा कोण, हा वाद आपण करतो तेव्हा एकाच घरातल्या दोन माणसांविषयी बोलत असतो.

आता वादाकडे वळू. मुश्ताक अलींची बाजू घेणारा मुलगा काय सांगेल? तो १९४४-४५ चा रणजी करंडकाचा अंतिम सामना काढील. समोर मुंबईचा बलाढ्य संघ होता. मुश्ताक अलींनी दोन्ही डावांत शतके केली. पहिल्या डावात १०९ आणि दुसऱ्यात १३९. लोकांचे प्रेमही तो सांगेल. १९४५ साली कोलकात्याच्या एका मोठ्या सामन्यातून मुश्ताक अलींना वगळले, तेव्हा लोक इतके चिडले, की निवड करणाऱ्यांना त्यांना पुन्हा संघात घ्यावे लागले. शिवाय कसोटीत मुश्ताक अलींच्या ११ सामन्यांत ६१२ धावा आहेत आणि दोन शतके. नायडूंच्या ७ सामन्यांत ३५० धावा आहेत आणि शतक एकही नाही.

नायडूंची बाजू घेणारा लगेच म्हणेल, की तो १९४४-४५ चा सामना होळकर संघ हरला होता. पुढच्याच वर्षी बडोद्याविरुद्धच्या अंतिम सामन्यात पन्नास वर्षांच्या नायडूंनी २०० धावा काढल्या आणि होळकर संघ पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. त्याच हंगामात म्हैसूरविरुद्ध होळकर संघाने ८ बाद ९१२ धावा केल्या. एकाच डावात सहा जणांनी शतके ठोकली. त्यांत नायडूंचे नाव आहे, मुश्ताक अलींचे नाही.

पण जरा थांबा. एका सामन्यावरून निकाल देणे बरोबर होईल का? १९४४-४५ च्या त्या सामन्यात मुंबईने दुसऱ्या डावात ७६४ धावा केल्या होत्या. एवढ्या डोंगरापुढे दोन शतके काढूनही संघ हरला, तर दोष शतके काढणाऱ्याचा नाही. तेव्हा नुसते आकडे मोजून हा प्रश्न सुटणार नाही. प्रश्न संघाचा आहे. म्हणून त्या माणसाने संघाला काय दिले, हे पाहिले पाहिजे.

१९४४-४५ पासूनच्या अकरा वर्षांत होळकर संघ दहा वेळा अंतिम सामन्यात पोहोचला आणि चार वेळा विजयी झाला. चारही विजय नायडूंच्या नेतृत्वाखाली मिळाले. हे आपोआप घडले नाही. नायडूंची शिस्त कडक होती. वेळेवर यायचे, मेहनत करायची, चेंडू लागला तर कुरकुर करायची नाही. काही खेळाडूंना हा कडकपणा जाचक वाटे. इंग्लंडच्या दौऱ्यात त्यावरून नाराजीही झाली होती. गोड बोलून माणसे जिंकणे हा त्यांचा स्वभाव नव्हता, हे कबूल केले पाहिजे. पण जो नियम दुसऱ्यांना, तोच ते स्वतःला लावत.

१९५१-५२ च्या अंतिम सामन्यातला प्रसंग ऐका. नायडूंचे वय छपन्न वर्षे. मुंबईचे वेगवान गोलंदाज दत्तू फडकर यांचा एक उसळता चेंडू त्यांच्या तोंडावर बसला. दात पडले, रक्त आले. सांगतात, की त्यांनी पडलेले दात बॅटने खेळपट्टीवरून बाजूला सारले आणि खेळ पुढे सुरू करायला सांगितले. त्या डावात त्यांनी ६६ धावा केल्या. असा कर्णधार समोर असताना कोणता खेळाडू दुखण्याची तक्रार करील?

मग मोठे कोण? मला विचाराल तर होळकर संघासाठी मोठे नायडू. मुश्ताक अलींनी संघाला धावा दिल्या, आनंद दिला, लोकांचे प्रेम मिळवून दिले. नायडूंनी संघ दिला, आणि मुश्ताक अलीही दिले. घराच्या सुंदर खिडकीकडे सर्वांचे लक्ष जाते, पाया कोणाला दिसत नाही. पण हेही विसरू नका, की खिडकीच नसेल तर त्या घरात उजेड येणार नाही. तुमचे मत वेगळे असू शकते. ते जरूर मांडा, पण पुराव्यासह मांडा आणि वादानंतर दोस्ताच्या खांद्यावर हात टाकूनच घरी जा.

नायडू पुढेही खेळत राहिले. एकसष्टाव्या वर्षी उत्तर प्रदेशाकडून खेळताना त्यांनी राजस्थानविरुद्ध ८४ धावा केल्या. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीही ते एका मोठ्या सामन्यात उतरले. १९५६ साली सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले. हा मान मिळवणारे ते पहिले क्रिकेटपटू. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूरला त्यांचे निधन झाले. मुश्ताक अली यांनीही १८ जून २००५ रोजी इंदूरलाच जगाचा निरोप घेतला. १९४७ नंतरही त्यांनी आपले गाव सोडले नव्हते.

१९९४ साली क्रिकेट मंडळाने कर्नल नायडूंच्या नावाने एक मोठा पुरस्कार सुरू केला. दुसऱ्याच वर्षी, १९९५ साली, तो कोणाला मिळाला ठाऊक आहे? सय्यद मुश्ताक अलींना! उस्तादाच्या नावाचे इनाम शागीर्दाने घेतले. आज तरुण खेळाडूंची एक स्पर्धा नायडूंच्या नावाने होते, तर वीस षटकांची स्पर्धा मुश्ताक अलींच्या नावाने. अमरावतीत जन्मलेला जितेश शर्मा या दुसऱ्या स्पर्धेत विदर्भाकडून खेळला आहे.

आणखी एक योग पाहा. आपला विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी स्पर्धेत खेळू लागला. साठ वर्षे त्याला करंडक मिळाला नाही. शेवटी १ जानेवारी २०१८ रोजी दिल्लीला हरवून त्याने तो पहिल्यांदा जिंकला. कर्णधार होते फैज फजल. अकोल्याचा आदित्य ठाकरे हा एकोणीस वर्षांचा मुलगा त्याच सामन्यात पहिल्यांदा रणजी खेळला. आणि हा सामना झाला कुठे? इंदूरला, होळकरांच्या नावाच्या मैदानावर. नागपूरहून एक तरुण त्या गावी गेला त्याला तेव्हा पंचाण्णव वर्षे होत आली होती.