शिंकांवर औषध शोधणारा माणूस

भातझोडणी सुरू झाली की शहापूर-मुरबाडकडे आपल्यापैकी कितीतरी जणांची सकाळ शिंकांनीच उजाडते. आई डब्यातली सेट्रिझिन काढून देते, आपण गिळतो, कॉलेज गाठतो आणि लेक्चरला पेंगतो. पण अशा गोळ्यांची सुरुवात कोणी केली, माहितीये?

डॅनियल बोव्हे. जन्म १९०७, स्वित्झर्लंडमधलं न्यूशातेल. १९२९ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये रुजू झाले. शरीरातल्या ॲड्रेनालिनला अडवणारी द्रव्यं माहीत होती. मग शिंका आणि खाज आणणाऱ्या हिस्टामिनला अडवणारं काहीच कसं नाही, या प्रश्नाने त्यांना पछाडलं. १९३७ मध्ये आन-मारी स्टॉब या विद्यार्थिनीसोबत त्यांना ते सापडलं. गिनीपिग वाचले! पण माणसासाठी ते फारच विषारी होतं, म्हणून ते बाजूला ठेवलं. १९४४ मध्ये माणसाला चालेल असं मेपिरामिन आलं. १९४७ मध्ये ते पत्नी आणि सहकारी फिलोमेना नित्ती यांच्यासह रोमला गेले. १९५७ मध्ये नोबेल मिळालं, १९९२ मध्ये रोममध्येच निधन झालं.

औषध लागू पडतं म्हणजे ते सुरक्षित असतंच असं नाही, हे बोव्हेंना पहिल्याच यशात कळलं. आपणही लक्षात ठेवूया. डोस आणि किती दिवस घ्यायची, हे डॉक्टरांना विचारा. शिंका थांबल्या नाहीत म्हणून मनाने दुसरी गोळी घेऊ नका. झोप येत असेल तर बाईक नको, दारू तर नकोच. आणि ओठ सुजले, दम लागला, तर गोळीवर थांबू नका. थेट दवाखाना गाठा.