उवा गोळा करणारा कर्नल आणि खानदेशचा वनपिंगळा

ज्यांच्या दारात कोंबड्या आहेत, त्यांना पक्ष्यांच्या उवा माहीत असतात. पिसांत बोटं घातली की हातावर चढतात. पण बहुतेक जातीच्या पक्ष्यांची ऊ वेगळी. तिला पंख नाहीत. पिसं कुरतडत ती तिथेच जगते, तिथेच अंडी घालते आणि पक्षी मेला की काही दिवसांत तीही मरते. म्हणून कोणती ऊ कोणत्या पक्ष्यावर, हे पाहून पक्ष्यांची जुनी नातीगोती शोधता येतात. अशा उवांचा जगातला एक मोठा संग्रह करणारा माणूस म्हणजे ब्रिटिश फौजेतला कर्नल रिचर्ड मायनर्ट्झहागेन.

जन्म ३ मार्च १८७८, लंडन. घराणं बँकवाल्यांचं, पैशाला तोटा नाही. १८९९ मध्ये पलटणीत दाखल होऊन तो हिंदुस्थानात आला, पुढे पूर्व आफ्रिकेत गेला. तिथे १९०५ मध्ये नांदी लोकांचा पुढारी कोइतालेल बोलणी करायला आला असताना याने त्याला ठार केलं. चौकशीतून सहीसलामत सुटला. पहिल्या महायुद्धात तुर्कांच्या हाती मुद्दाम खोटे कागद पडू देण्याच्या डावाचं श्रेयही त्याने घेतलं; त्यावर इतिहासकारांचा वाद आहे.

जीव मात्र पक्ष्यांत. सालिम अली १९३७ मध्ये त्याच्यासोबत अफगाणिस्तानात हिंडले. डायरीत त्याने भारतीयांबद्दल हिणकस लिहून ठेवलं होतं. सालिम अलींनी ते आपल्या आत्मचरित्रात सरळ छापून टाकलं. याला काळीज लागतं.

उवांचं काम त्याने नात्यातल्या, वयाने ३३ वर्षांनी लहान थेरेसा क्ले यांच्याबरोबर केलं. क्ले पुढे या विषयातल्या मोठ्या तज्ज्ञ झाल्या. तो संग्रह लंडनच्या संग्रहालयात गेला, आणि मागोमाग सुमारे २० हजार पक्ष्यांची पेंढा भरलेली कातडीही. याच संग्रहालयाने १९१९ मध्ये नमुने न विचारता नेले म्हणून त्याला पक्षी विभागात यायला काही काळ बंदी केली होती, हे तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. १७ जून १९६७ ला तो मोठा पक्षितज्ज्ञ म्हणूनच वारला.

बिंग फुटलं १९९० च्या दशकात. इतरांचे नमुने उचलायचे, नवी चिठ्ठी बांधायची, गाव आणि तारीख आपल्या मनाची, असा प्रकार निघाला. त्यातला एक पक्षी आपल्या भागातला वनपिंगळा. चिठ्ठीवर लिहिलेलं: तापीकाठचं मांडवी, गुजरात, १९१४. पामेला रासमुसेन यांनी क्ष-किरणाने आणि कातडं भरण्याच्या धाटणीवरून ताडलं, की हा तर खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात मिळवलेला पक्षी. मग मांडवीचा नाद सोडून त्या आणि दोन सहकारी जुन्या खऱ्या ठिकाणांकडे वळले. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात (तालुका तेव्हा धुळे जिल्ह्यात) वनपिंगळा समोर बसलेला दिसला. त्याआधीची शेवटची खरी नोंद १८८४ ची. शंभरावर वर्षं पक्षी संपला की काय, असं धरून चाललेलं.

उवांचा प्रश्न राहतोच. उवेला स्वतःचं गाव नसतं. ज्या पक्ष्यावर सापडली, त्याच्या चिठ्ठीवरचं तेच तिचं. त्याच्या संग्रहातली ऊ खरी असली, तरी गाव दुसरीकडून पडताळून घ्यावं लागतं.