‘बॉड’ हे कुणाचं नाव? मोडेमच्या स्पीडमागचे एमिल बोदो



कॉलेजात मला एक सोपं वाटणारं गणित मिळालं होतं. जुन्या मोडेमपेक्षा फायबरची लाईन किती पट फास्ट? मोडेमच्या पुस्तिकेत ‘२४०० बॉड’ असं छापलेलं. मी बॉड म्हणजेच बिट प्रति सेकंद समजून सरळ भागाकार केला. उत्तर चौपट चुकलं! कारण त्या मोडेमचा खरा स्पीड होता ९६०० बिट प्रति सेकंद. मग हे बॉड म्हणजे काय, ते शोधायला बसलो आणि एका शेतकऱ्याच्या मुलापर्यंत पोहोचलो.

शेतातून तारघरात

एमिल बोदो यांचा जन्म ११ सप्टेंबर १८४५ रोजी फ्रान्समधल्या मान्यू या गावी झाला. वडील शेतकरी. शिक्षण फक्त प्राथमिक शाळेपुरतं. काही वर्षं शेतात राबल्यावर १८६९ मध्ये ते फ्रान्सच्या तारखात्यात शिकाऊ ऑपरेटर म्हणून लागले. १८७० च्या युद्धात लष्करी सेवा केली आणि पुन्हा तारयंत्रासमोर येऊन बसले.

तिथे रोज एक गोष्ट त्यांना खटकायची. तार टाकायला खर्च प्रचंड, पण एका वेळी एकच ऑपरेटर ती वापरणार. त्याचा हात थांबला की तार रिकामी. शिवाय मोर्सच्या लिपीत एक अक्षर छोटं तर दुसरं लांब, त्यामुळे यंत्राने ते आपोआप छापणं अवघड.

बोदो यांनी नोकरी सांभाळून, फावल्या वेळात यावर काम केलं आणि १८७४ मध्ये पेटंट घेतलं. त्यांच्या पद्धतीत दोन कल्पना होत्या. पहिली, प्रत्येक अक्षराला सारखे ५ ठोके. प्रत्येक ठोका दोनपैकी एका प्रकारचा, म्हणजे एकूण ३२ जुळण्या. अक्षरं आणि आकडे यांच्यात अदलाबदल करायची सोय असल्याने तेवढ्यात काम भागायचं. दुसरी कल्पना, गोल फिरणारा वाटप करणारा भाग. तो तार क्षणभर एका ऑपरेटरला द्यायचा, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. तार एकच, पण पाळीपाळीने सगळ्यांची.

ऑपरेटरसमोर पियानोसारख्या ५ पट्ट्या असत. २ डाव्या हाताला, ३ उजव्या. यंत्राची टिकटिक ऐकून नेमक्या क्षणी बोटं दाबायची. ठेका चुकला की अक्षर चुकलं. काम सोपं नव्हतं, पण १८७७ मध्ये पॅरिस ते बोर्दो मार्गावर यंत्राची चाचणी झाली. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळालं.

२८ मार्च १९०३ रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी बोदो गेले. १९२० च्या दशकात तारेवरच्या ठोक्यांच्या वेगाच्या एककाला त्यांच्या आडनावावरून ‘बॉड’ नाव देण्यात आलं.

घोळ कुठे झाला?

बॉड म्हणजे सेकंदाला किती ठोके. बोदो यांच्या यंत्रात एका ठोक्यात एकच बिट जायचा, म्हणून बॉड आणि बिट प्रति सेकंद सारखेच. ३०० बॉडच्या सुरुवातीच्या मोडेमपर्यंत हे चाललं. नंतर इंजिनिअर मंडळींनी एका ठोक्यात जास्त बिट भरायला सुरुवात केली. माझ्या त्या मोडेममध्ये एका ठोक्यात ४ बिट होते:

२४०० × ४ = ९६०० बिट प्रति सेकंद

म्हणजे आधी बॉडचे बिट करायचे, मगच तुलना.

आता फायबरकडे जाऊ

ऑप्टिकल नेटवर्कमध्ये ‘ओसी’ नावाच्या पायऱ्या असतात. ओसी-१ म्हणजे ५१.८४ एमबीपीएस. पुढचं फक्त गुणायचं:

- ओसी-३ = १५५.५२ एमबीपीएस
- ओसी-१२ = ६२२.०८ एमबीपीएस
- ओसी-४८ = २४८८.३२ एमबीपीएस

शेवटचा आकडा लक्षात ठेवा. आपल्याकडे बऱ्याच घरांत येणारं फायबर जीपीओएन प्रकारचं असतं आणि त्याचा डाउनलोडचा मूळ वेग नेमका हाच, साधारण २.५ जीबीपीएस. तो पूर्ण तुम्हाला मिळत नाही, अनेक घरांत वाटला जातो.

आता ५६ केबीपीएसच्या डायल-अप मोडेमशी तुलना करू. दोन्ही आकडे एकाच एककात आणा: २४,८८,३२० ÷ ५६ = सुमारे ४४,४३४. म्हणजे एवढे मोडेम एकत्र केले तर एक ओसी-४८ लाईन! इथे किलो म्हणजे १०००, १०२४ नाही. आणि फोनवर डाउनलोड एमबी प्रति सेकंदात दिसत असेल तर ८ ने भागा. १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर १२.५ एमबी दिसणं बरोबरच आहे, कुणी फसवत नाहीये.

जाता जाता

मला सगळ्यात भारी वाटलं ते वेगळंच. तुम्ही फोटो अपलोड करता तेव्हा जीपीओएनमध्ये तुमच्या घराला एक छोटीशी वेळ मिळते, मग शेजाऱ्याला, मग पुढच्याला. एकच फायबर, पाळीपाळीने सगळ्यांचं. ठोके आता प्रकाशाचे आहेत आणि टिकटिक ऐकायला कुणी ऑपरेटर बसलेला नाही. पण पाळी लावायची ती युक्ती १८७४ मध्ये बोदो यांनी तारेवर वापरली होती. त्यामुळे यापुढे कुठे ‘बॉड’ दिसलं, तर आधी ठोक्यात किती बिट आहेत ते बघा. माझ्यासारखं चौपट चुकू नका!