जुनी चाल, नवे अर्पण : योहान सेबास्टियन बाख

गोंदिया जिल्ह्यातील चोरखमाऱ्यासारखे खेडे असो वा मुंबईसारखे महानगर, आपल्याकडे नवे भक्तिगीत पुष्कळदा ओळखीच्या चालीवर बसवले जाते. गीताच्या माथ्यावर चालीचा उल्लेख असला, की गायकवृंदाला पुढचे काही सांगावे लागत नाही. परंतु एखाद्या थोर संगीतकाराने स्वतःचीच जुनी चाल पुन्हा वापरली, तर मनात प्रश्न येतो : ही प्रतिभेची उणीव म्हणावी की आणखी काही? योहान सेबास्टियन बाख यांचे जीवन या प्रश्नाचे सुंदर उत्तर आहे.

बाख यांचा जन्म जर्मनीतील आयझेनाख या गावी 1685 साली झाला. वयाची दहा वर्षे पूर्ण होण्याआधीच आईवडिलांचे छत्र हरपले आणि थोरल्या भावाने त्यांना सांभाळले. ऑर्गनवादक म्हणून त्यांनी लौकर नाव मिळवले. वायमार येथील ड्यूकच्या दरबारात असताना नोकरी सोडण्याचा हट्ट धरला म्हणून 1717 साली त्यांना जवळजवळ महिनाभर तुरुंगवास घडला. 1720 मध्ये ते आपल्या आश्रयदात्या राजपुत्रासोबत परगावी गेले असताना पत्नी मारिया बार्बारा यांचे निधन झाले. परत आले तेव्हा दफनविधीही उरकला होता. पुढच्या वर्षी त्यांनी आन्ना माग्डालेना यांच्याशी विवाह केला. दोन्ही विवाहांतून त्यांना वीस मुले झाली, पण त्यांतील दहाच प्रौढ वयापर्यंत जगली. मृत्यू या घराला अनोळखी नव्हता.

1723 साली बाख लाइपझिग येथील संत थॉमस चर्चचे संगीतप्रमुख झाले. मुलांना शिकवणे, गायकवृंद तयार करणे आणि रविवारच्या व सणांच्या उपासनेसाठी संगीत देणे, अशी त्यांची जबाबदारी होती. सुरुवातीच्या वर्षांत ते जवळजवळ दर आठवड्याला कँटाटा, म्हणजे वाद्यवृंदासह गायची बहुभागी रचना, नव्याने लिहीत असत. शिवाय राजघराण्याचे वाढदिवस व नगरसभेचे समारंभ असत. अशा प्रसंगांचे संगीत कितीही उत्तम असले, तरी प्रसंग सरला की ते निरुपयोगी होई. बाख यांनी हे धन वाया जाऊ दिले नाही.

1733 मध्ये त्यांनी सॅक्सनीच्या राजपुत्राच्या व राणीच्या वाढदिवसांसाठी दोन रचना केल्या. राणीच्या गौरवासाठी वाजलेले नगारे व तुताऱ्या 1734 च्या नाताळात ख्रिस्तजन्माची घोषणा करू लागल्या. राजपुत्रासाठी रचलेल्या संगीतनाट्यात भोगलालसा तरुण हर्क्युलिसला अंगाईने मोहात पाडते. तीच अंगाई स्वर व वाद्ये बदलून गव्हाणीतील बाळ येशूसाठी गायली गेली. बाख यांची वाट बहुतेक याच दिशेची होती. लौकिकाचे सूर ते देवालयात नेत. देवालयातील सूर दरबारात नेल्याचे उदाहरण क्वचितच सापडते.

या वाटेचे शिखर म्हणजे त्यांची बी मायनरमधील मिस्सा. बाख लूथरपंथीय होते. 1733 साली त्यांनी ड्रेस्डेनच्या कॅथलिक राजाला लॅटिन मिस्सेतील दयायाचना व गौरवगान अर्पण केले आणि दरबारी पदवीची विनंती केली. ती पदवी 1736 मध्ये मिळाली. आयुष्याच्या अखेरीस, 1748-49 च्या सुमारास, त्यांनी संपूर्ण मिस्सा पूर्ण केली. त्यासाठी पस्तीस वर्षांच्या साधनेतून निवडक रचना घेऊन त्या नव्याने घडवल्या.

प्रभूच्या क्रूसारोहणाचा भाग पाहावा. त्याचे मूळ 1714 मधील एका कँटाटात आहे. तेथे ख्रिस्ती माणसाचे अश्रू व यातना यांचे वर्णन होते. येथे तोच विलाप प्रभूच्या क्रूसापाशी पोहोचतो. पायरीपायरीने उतरणारी खर्जातील तीच स्वरावली तेरा वेळा फिरते. शेवटी बाख यांनी नवा समारोप जोडला : वरची वाद्ये थांबतात, आवाज खाली खाली जातात, जणू प्रभूचे शरीर कबरेत ठेवले जात आहे. आणि लगेच पुनरुत्थानाच्या तुताऱ्या दुमदुमतात.

मिस्सेचा शेवट शांतीच्या प्रार्थनेने होतो. तिला बाख यांनी वेगळी चाल दिली नाही. याच मिस्सेत आधी आलेल्या उपकारस्तुतीची चाल त्यांनी पुन्हा घेतली आणि तीही मुळात 1731 च्या एका कँटाटातील देवाच्या आभारगीताची होती. शांती मागणाऱ्याच्या ओठी अगोदर कृतज्ञता असावी, हे येथे सुरांतून उमगते.

पुढे बाख यांची दृष्टी गेली. 1750 मध्ये डोळ्यांवर दोन शस्त्रक्रिया झाल्या, पण त्या अपयशी ठरल्या. 28 जुलै 1750 रोजी त्यांनी देह ठेवला. संपूर्ण मिस्सा त्यांच्या हयातीत सादर झाल्याची नोंद नाही. त्यांच्या मुलाच्या मृत्यूनंतर 1790 साली छापलेल्या मालमत्तेच्या यादीत तिची नोंद मोठी कॅथलिक मिस्सा अशी आहे. 2015 साली तिचे हस्तलिखित युनेस्कोच्या जागतिक स्मृतिसंचयात समाविष्ट झाले.

देवापुढे ठेवण्यासाठी दर वेळी नवेच काही हवे असते असे नाही. कालचे अश्रू, कालचा आनंद, कालचे अपुरे काम पुन्हा हाती घ्यावे, तपासावे, अधिक चांगले करावे आणि वेदीवर ठेवावे. बाख यांनी आयुष्यभर हेच केले.