एका गुणाचा विजेता

दर शनिवारी बारामतीहून इंदापूरला मी काकांच्या जुन्या राजदूत ३५० वरून घरी जातो. १९८३ साली आपल्याकडे आलेली ही गाडी मूळची यामाहाची, असे कळले. मग यामाहाच्या शर्यतींविषयी वाचू लागलो आणि यार्नो सारिनेनची ओळख झाली.

फिनलंडमधील तुर्कू येथे ११ डिसेंबर १९४५ रोजी त्याचा जन्म झाला. शिक्षणाने तो यंत्र-अभियंता. गाडीवरचा हात मात्र बर्फावरच्या शर्यतींत तयार झाला. १९७२ साली २५० सीसीच्या, म्हणजे मधल्या गटात, इटलीच्या रेंझो पासोलिनीशी त्याची हंगामभर झुंज चालली. अखेरीस सारिनेनचे ९४ गुण झाले, पासोलिनीचे ९३. एका गुणाने तो विश्वविजेता ठरला.

पुढच्या हंगामात या गटातील पहिल्या तिन्ही शर्यती त्याने जिंकल्या. २० मे १९७३ रोजी मोंझाला पहिल्याच फेरीत, वेगाच्या वळणावर पासोलिनी पडला. मागून येणाऱ्या सारिनेनला वाटच उरली नाही. कडेला लोखंडी कठडे. निसटायला जागा कुठली? दोघेही गेले. सारिनेन अवघा सत्तावीस वर्षांचा होता.

गळिताच्या दिवसांत आमच्या रस्त्यावर मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली अंधारात अचानक समोर येते. गेल्या हिवाळ्यात अशीच एक मी हातभर अंतराने चुकवली. सारिनेनच्या विजयांपेक्षा त्याला न मिळालेली ती जागाच आता अधिक आठवते. दिवस मावळला की मी वेग कमी करतो. काकांना वाटते, गाडी थकली.